अल्ट्रासाउंडने पाण्यातले निळे-हिरवे शेवाळ खरेच जाते का?

पुणे जिल्ह्यातील अवसरी खुर्द असो वा आंबेगाव तालुक्यातले दुसरे कोणतेही गाव, उन्हाळ्यात शेततळ्याच्या पाण्यावर हिरवा थर येणे कोणाला नवे नाही. ठिबकचे फिल्टर तुंबतात, पाण्याला वास सुटतो. मोठ्या जलाशयांचेही तेच होते. डिंभे धरण ज्या घोड नदीवर आहे, ती पुढे भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनीत साठते. पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणीही मुळा-मुठेतून तिथेच पोहोचते. उजनीचे पाणी हिरवे पडल्याच्या तक्रारी वारंवार येतात. यावर "औषध नको, फक्त ध्वनिलहरी सोडा" असा एक उपाय सांगितला जातो. त्यात तथ्य किती?

हे शेवाळ नेमके काय असते?

नावात शेवाळ असले तरी हे जिवाणू आहेत. शास्त्रीय भाषेत त्यांना सायनोबॅक्टेरिया म्हणतात. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात. पाण्यात फॉस्फरस आणि नायट्रोजन भरपूर असले, ऊन कडक असले आणि पाणी संथ असले की ते झपाट्याने वाढतात.

यातल्या काही जाती विष तयार करतात. मायक्रोसिस्टिन हे विष यकृतावर परिणाम करते. असे पाणी पिऊन जनावरे मेल्याची नोंद ऑस्ट्रेलियात 1878 मध्येच झाली होती. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर लिटरमागे 1 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली आहे. पाणी उकळल्याने हे विष नष्ट होत नाही.

ध्वनीचा संबंध कुठे येतो?

मायक्रोसिस्टिससारख्या जातींच्या पेशींमध्ये हवेने भरलेल्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्यामुळे पेशी तरंगत वर येतात आणि ऊन मिळवतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ क्लेबाहन यांनी 1895 मध्ये एक साधा प्रयोग केला. असे पाणी बाटलीत काठोकाठ भरून बुचावर हातोडा मारला. दाबाने पोकळ्या चेपल्या आणि तरंगणाऱ्या पेशी तळाला बसू लागल्या.

अल्ट्रासाउंडमागची कल्पना हीच आहे. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा ध्वनी म्हणजे अल्ट्रासाउंड. जोरदार लहरींनी पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात. त्या धक्क्याने पोकळ्या चेपतात, कधी पेशीही फुटतात. पेशी खाली गेल्या की त्यांना प्रकाश मिळत नाही. जपानमधील सेनबा तलावात अल्ट्रासाउंड आणि पाणी ढवळणारे पंप एकत्र वापरून हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला गेला.

मग अडचण काय?

पहिली अडचण शक्तीची. प्रयोगशाळेतल्या भांड्यात जोरदार लहरी देणे सोपे असते. तलावात त्या अंतराबरोबर क्षीण होतात आणि वीजही खूप लागते. म्हणून बाजारातली बहुतेक तरंगती यंत्रे कमी शक्तीची असतात. नेदरलँड्समधील वॅगेनिंगेन विद्यापीठातील संशोधकांनी अशी यंत्रे तपासली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सायनोबॅक्टेरियाची वाढ रोखण्यात ती कुचकामी ठरली.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. त्याच संशोधनात 44 किलोहर्ट्झच्या लहरींनी डॅफ्निया मेले. जलपिसू म्हणून ओळखले जाणारे हे सूक्ष्म प्राणी शेवाळ खातात. खाणारेच उरले नाहीत, त्यामुळे पाणी आणखी हिरवे झाले.

तिसरी अडचण विषाची. जोरदार लहरींनी पेशी फुटली तर आतले विष पाण्यात मिसळते. शेततळ्यात मोरचूद टाकतानाही हाच धोका असतो. शिवाय जिवंत राहिलेल्या पेशी पोकळ्या पुन्हा तयार करतात. यंत्र बंद, की शेवाळ परत.

मूळ दुखणे कोणते?

ध्वनीमुळे पाण्यातला फॉस्फरस कमी होत नाही. जिवाणू मेले तरी त्यांचे खाद्य तिथेच राहते. उजनीसारख्या सुमारे 117 टीएमसी क्षमतेच्या जलाशयात खरा फरक पडायचा असेल, तर सांडपाणी प्रक्रिया करूनच नदीत सोडावे लागेल. यंत्र त्याला पर्याय होऊ शकत नाही.

शेततळ्यासाठी काय करता येईल?

- शेणखत, खते आणि गोठ्याचे पाणी पावसाबरोबर तळ्यात उतरू देऊ नये.
- पाणी संथ राहू न देता ढवळत ठेवावे. शक्य तिथे शेडनेटची सावली करावी.
- थर काडीने उचलून पाहावा. लांब धागे काडीला गुंडाळून आले, तर ते बहुधा साधे शेवाळ असते. रंग सांडल्यासारखा चिकटला, तर निळे-हिरवे असण्याची शक्यता जास्त. थराला हात लावू नये.
- असा थर दिसला तर जनावरांना ते पाणी पाजू नये आणि पाण्याची तपासणी करून घ्यावी.
- अल्ट्रासाउंड यंत्र घ्यायचेच असेल, तर विक्रेत्याकडे आपल्यासारख्याच तळ्यातले, यंत्र लावण्याआधीचे आणि नंतरचे मोजमाप मागावे. सोबत यंत्र न लावलेल्या तळ्याचेही मोजमाप पाहावे. हिरवेपणा कधी कधी हवामान बदलल्यानेही ओसरतो आणि श्रेय यंत्राला मिळते.