काउआई बेटावरची ६९८ बाळं : मुलांचा आत्मविश्वास येतो कुठून?

"डॉक्टर, मुलगा फार बुजरा आहे. जरा मनाविरुद्ध झालं की रडत बसतो. आत्मविश्वास वाढेल असं एखादं टॉनिक द्या ना!" दवाखान्यात हे वाक्य अधूनमधून कानावर येतंच. असं टॉनिक नाही. पण काही मुलं पडली तरी उठतात आणि काही खचून जातात, असं का होतं, याचा शोध मात्र गेली अनेक दशकं चालू आहे. त्यातली एक जुनी गोष्ट प्रत्येक पालकाला माहीत असावी असं मला वाटतं.

बेटावरचा अभ्यास

प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांपैकी एक म्हणजे काउआई. १९५५ साली तिथे ऊस आणि अननसाचे मळे होते. त्यांवर राबणाऱ्या कुटुंबांत जपानी, फिलिपिनो, मूळ हवाईयन असे अनेक वंशांचे लोक होते. त्या वर्षी बेटावर जन्मलेल्या ६९८ बाळांचा अभ्यास सुरू झाला. नोंदी आईच्या गरोदरपणापासूनच्या होत्या. पुढे ही मुलं १, २, १०, १८, ३२ आणि ४० वर्षांची असताना त्यांना पुन्हा पुन्हा गाठून त्यांची माहिती घेतली गेली. हे काम पुढे नेलं मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकारी रूथ स्मिथ यांनी. वर्नर यांचा जन्म १९२९ चा, जर्मनीतला. त्यांचं स्वतःचं बालपण दुसऱ्या महायुद्धात गेलं होतं.

या मुलांपैकी जवळपास एक तृतीयांश मुलांच्या वाट्याला अनेक संकटं एकदम आली होती: गरिबी, अवघड बाळंतपण, घरातली भांडणं, वडिलांचं दारूचं व्यसन किंवा आईचा मानसिक आजार. ज्यांच्यावर दोन वर्षांच्या आतच अशी चार किंवा जास्त संकटं होती, त्यांच्यापैकी दोन तृतीयांश मुलांना पुढे शिकण्याच्या, वागणुकीच्या किंवा मानसिक आरोग्याच्या अडचणी आल्या. यात नवल नव्हतं.

नवल होतं ते उरलेल्या ७२ मुलांचं. संकटं तीच, बेट तेच. तरीही ती आत्मविश्वासानं, मायेनं वागणारी माणसं झाली. चाळिशीत पाहिलं, तेव्हा त्यांच्यातलं कुणीही बेकार नव्हतं, कुणावरही कायद्याची कारवाई झालेली नव्हती.

तोवर वैद्यकशास्त्र बहुतेक वेळा "काय बिघडलं?" एवढंच विचारत असे. वर्नर यांनी विचारलं, "यांचं काय टिकलं?"

त्या ७२ जणांकडे काय होतं?

ही मुलं फार हुशार होती, असं नाही. पण जे काही अंगात होतं, ते ती वापरत होती. दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांकडे अभिमान वाटावा असा एखादा छंद किंवा कला होती. घरात भांडण पेटलं तरी त्यात त्यांना आसरा मिळे.

दुसरं, त्यांना जवळचं एक तरी भरवशाचं माणूस होतं. ते आईवडीलच असत असं नाही. आजी-आजोबा, मोठं भावंड, मावशी, शेजारी, एखादे आवडते शिक्षक, कुणीही.

तिसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. या मुलांवर काम सोपवलेलं असे. धाकट्या भावंडाला सांभाळणं, घरकामात हात लावणं. "माझ्यावाचून कुणाचं तरी अडतं" ही जाणीव त्यांना लहानपणीच मिळाली होती.

कौतुकाची लाट

वर्नर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात शिकवत. शेजारीच राज्याची राजधानी सॅक्रामेंटो. तिथे १९८६ मध्ये जॉन व्हास्कॉन्सेलोस या लोकप्रतिनिधीच्या पुढाकारानं मुलांचा आणि मोठ्यांचा आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी समिती नेमली गेली. आत्मसन्मान वाढला की गुन्हेगारी, व्यसनं, शाळेतलं अपयश कमी होईल, अशी आशा होती. मग अनेक शाळांत आणि घरांत मुलांची ऊठसूट स्तुती सुरू झाली.

हेतू चांगला होता, पण पुरावा तोकडा निघाला. १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी दाखवलं की "तू किती हुशार आहेस" असं कौतुक झालेली मुलं पुढच्या अवघड कोड्यांसमोर लवकर हार मानतात. प्रयत्नांचं कौतुक झालेली मुलं जास्त टिकून राहतात. २००३ मध्ये रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं. नुसता आत्मसन्मान फुगवल्यानं शाळेतली प्रगती सुधारते, याला आधार सापडला नाही.

म्हणजे काउआईच्या मुलांना आत्मविश्वास स्तुतीतून मिळाला नव्हता. आपल्याला काही येतं आणि ते कुणाच्या तरी उपयोगी पडतं, या रोजच्या अनुभवातून तो आला होता.

तुम्ही घरी काय कराल?

• मूल कशात रमून जातं ते आठवडाभर नुसतं पाहा. चित्र, सायकल दुरुस्ती, पाळीव प्राणी, लहान मुलांना खेळवणं. मार्कांत न मोजता येणारे गुणही गुणच असतात.
• त्या गुणाला घरात काम द्या. नीटनेटक्या मुलीला किराण्याची यादी करू द्या. बोलक्या मुलाला पाहुण्यांचं स्वागत करू द्या. चुकलं तर लगेच हातातून काढून घेऊ नका.
• "हुशार आहेस"ऐवजी नेमकं बोला: "दोनदा चुकलं तरी तू तिसऱ्यांदा करून पाहिलंस."
• गुण शोधण्याच्या नादात छंदाची शिकवणी करू नका. आसरा हवा असलेल्या जागी परीक्षा उभी राहते.
• मूल रडत असेल तर आधी जवळ घ्या. उपदेश नंतर.

एक सावधगिरी

काउआईची गोष्ट वाचून "ती मुलं सावरली, मग तू का नाही?" असं मात्र मुलाला कधीच म्हणू नका. सावरणं हे त्या मुलांच्या एकट्याचं कर्तृत्व नव्हतं. पाठीशी माणूस होतं. आणि जी मुलं तरुणपणी अडखळली, त्यांच्यातलीही बरीच पुढे शिक्षण, नोकरी, चांगला जोडीदार अशा दुसऱ्या संधीतून मार्गी लागली. उशीर झाला म्हणजे सगळं संपलं, असं नसतं.

उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, झोप-भूक बदलली, मूल शाळा टाळू लागलं, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. मरणाची किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा आली, तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावरही मोफत मदत मिळते.

टॉनिक मागायला आलेल्या पालकांना मी आता एकच विचारतो: "तुमच्या घरात याच्यावाचून अडतं, असं कोणतं काम आहे?" बरेच जण थोडा वेळ गप्प होतात. तुम्हीही आज रात्री जेवताना विचार करून पाहा.