रनिंग बॅकवर एवढे पैसे लावायचे का? फिलाडेल्फियात दोनदा झालेलं भांडण

आजचा विषय अमेरिकन फुटबॉलचा. म्हणजे मेस्सीवाला नाही, तो अंडाकृती बॉलचा, हेल्मेटवाला. नियम माहीत नसले तरी ऐका, कारण भांडण पैशांचं आहे, आणि ते समजायला नियम लागत नाहीत.

आधी रनिंग बॅक म्हणजे कोण ते सांगतो. बॉल छातीशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा गडी. कबड्डीतला चढाईपटू डोळ्यांसमोर आणा. फरक असा, की चढाईपटूला मध्यरेषेकडे परत यायचं असतं. इथे परत यायचं नाही, पुढेच जायचं, आणि शेवट बहुतेक वेळा शंभर-सव्वाशे किलोची दोन-तीन माणसं अंगावर पडूनच होतो. एका सीझनमध्ये हे तीनशे-साडेतीनशे वेळा. म्हणून या गड्याचं शरीर लवकर झिजतं, आणि म्हणूनच त्याला मोठा करार दिला की चाहते दोन गटांत फुटतात. एक गट म्हणतो, हा असला की मॅच जिंकतो. दुसरा म्हणतो, झिजलेल्या टायरचे नव्याचे पैसे का द्यायचे?

हे भांडण फिलाडेल्फिया ईगल्सच्या चाहत्यांनी नऊ वर्षांत दोनदा केलं. उत्तरं दोन्ही वेळा उलटी आली.

पहिली वेळ मार्च २०१५. डॅलस काउबॉइज म्हणजे ईगल्सचे कट्टर वैरी. त्यांचा डीमार्को मरे नुकताच लीगमध्ये सगळ्यात जास्त धावला होता, १,८४५ यार्ड. डॅलस क्लबचा एमिट स्मिथचा विक्रम त्याने मोडला होता. पण त्यासाठी त्याच्याकडून ३९२ वेळा बॉल पळवून घेतला होता. करार संपला, तो फ्री एजंट झाला, म्हणजे कुठल्याही संघाशी बोलायला मोकळा. ईगल्सने त्याला ५ वर्षांसाठी ४ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला. त्यातले २ कोटी १० लाख हमीचे. या खेळात हमीचा आकडाच बघायचा, कारण बाकीचे पैसे संघाने मधेच काढून टाकलं तर मिळत नाहीत. वरचा मोठा आकडा मथळ्यासाठी असतो.

त्याच महिन्यात प्रशिक्षक चिप केली यांनी ईगल्सच्या इतिहासात सगळ्यात जास्त धावलेला लशॉन मकॉय बफेलोला देऊन टाकला होता. त्यामुळे शहर आधीच तापलेलं. शत्रूचा हुकमी गडी पळवून आणला याचा आनंद एकीकडे, ३९२ धावांची भीती दुसरीकडे.

पहिली मॅच: ८ वेळा बॉल, ९ यार्ड. दुसरी मॅच, समोर तेच डॅलस: १३ वेळा बॉल, २ यार्ड. दोन यार्ड म्हणजे दोन मीटरही नाहीत हो! पूर्ण सीझनमध्ये ७०२. डिसेंबर संपायच्या आत केली यांची नोकरी गेली, आणि पुढच्या मार्चमध्ये मरेला जवळजवळ फुकटात टेनेसीला पाठवलं.

'टायर झिजलेला' म्हणणारे जिंकले असं वाटेल. पण थांबा. २०१६ मध्ये टेनेसीकडून हाच मरे १,२८७ यार्ड धावला. आणि २०१५ मध्येच डॅलसमध्ये त्याच्या जागी कोण खेळलं? डॅरेन मॅकफॅडन, ज्याची कारकीर्द दुखापतींनी पोखरली होती आणि ज्याचा करार मरेच्या मानाने किरकोळ होता. तो १,०८९ यार्ड धावला. का? कारण डॅलसची ऑफेन्सिव्ह लाइन. धावणाऱ्याच्या पुढे उभे राहून वाट मोकळी करणारे पाच दांडगे गडी. टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन, तिघेही ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत घेतलेले. ईगल्सने मात्र त्याच वर्षी आपले दोन अनुभवी गार्ड, एव्हन मॅथिस आणि टॉड हेरेमन्स, सोडून दिले होते. शिवाय मरेला सरळ, वेग घेऊन घुसायची सवय. केली त्याला आडवं पळवायचे. महागडा आचारी आणला आणि शेगडी विकून टाकली, असला प्रकार.

आता मला पडलेला खरा प्रश्न. हे चाहते आपल्या खिशातून पगार देत नाहीत, मग दुसऱ्याच्या पगारावरून एवढे का चिडतात? याचं उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास एका रनिंग बॅकपासूनच सुरू होतो.

१९९२ पर्यंत या लीगमध्ये खेळाडूला खऱ्या अर्थाने संघ बदलताच येत नव्हता. करार संपला तरी जुन्या संघाचा हक्क राहायचा. १९८९ पासून 'प्लॅन बी' नावाची पद्धत होती: प्रत्येक संघाने ३७ खेळाडू राखून ठेवायचे, उरलेले मोकळे. म्हणजे चांगले सगळे बांधलेले, आणि ज्यांना कुणी विचारत नाही ते स्वतंत्र! न्यूयॉर्क जेट्सचा रनिंग बॅक फ्रीमन मॅकनील आणि आणखी सात खेळाडू याविरुद्ध कोर्टात गेले. मिनियापोलिसमध्ये न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांच्यासमोर खटला चालला. १० सप्टेंबर १९९२ ला ज्युरीने सांगितलं, प्लॅन बी बेकायदेशीर आहे. आठपैकी चौघांना नुकसानभरपाई मिळाली. ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो त्या मॅकनीलला एक डॉलरही नाही. आणि तो दुसऱ्या कुठल्या संघाकडून खेळलाही नाही. सगळी कारकीर्द जेट्समध्येच संपली. दार त्याने उघडलं, आत दुसरे गेले.

१९९३ मध्ये खुला बाजार सुरू झाला. पण मालकांनी बदल्यात एक गोष्ट घेतली: सॅलरी कॅप. १९९४ पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली, पहिल्या वर्षी ३ कोटी ४६ लाख डॉलर. २०२४ मध्ये हीच मर्यादा २५ कोटी ५४ लाख होती. चाहता हिशेबनीस झाला तो इथे. मालक कितीही श्रीमंत असला तरी डबा एकच, आणि एकाच्या ताटात जास्त वाढलं की दुसऱ्याच्या ताटात कमी पडणार. त्यामुळे खेळाडूने जास्त पैसे मागितले की ते मालकाच्या नाही, आपल्या संघाच्या खिशातून जातात असं चाहत्याला वाटतं. मला विचाराल तर मालकांची सगळ्यात मोठी कमाई ही आहे.

यात रनिंग बॅक सगळ्यात जास्त चेपला गेला. २०११ च्या करारानंतर नव्या खेळाडूंचे पगार ठरावीक झाले आणि पहिली चार वर्षं बांधली गेली. पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्षही संघाच्या मर्जीवर. वरून फ्रँचायझी टॅग, म्हणजे ठरलेल्या रकमेत आणखी एक वर्ष अडवून ठेवायची सोय. क्वार्टरबॅक पस्तिशीतही खेळतो, त्याला सहा वर्षं थांबणं परवडतं. रनिंग बॅकची उमेद नेमकी त्याच सहा वर्षांत जाते.

पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलने याला विरोध म्हणून २०१८ चा पूर्ण सीझन खेळलाच नाही. जवळपास १ कोटी ४५ लाख डॉलरवर पाणी सोडलं. मग जेट्सने त्याला ४ वर्षांसाठी ५ कोटी २५ लाखांचा करार दिला. पहिल्या वर्षी ७८९ यार्ड, आणि दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये घरी. त्यानंतर 'रनिंग बॅकला पैसे देऊ नका' हे वाक्य जवळपास सुविचारासारखं वापरात आलं. जुलै २०२३ मध्ये तर लीगमधल्या बड्या रनिंग बॅकनी ऑस्टिन एकेलरच्या पुढाकाराने व्हिडिओ कॉलवर बैठक घेतली, आपलं करायचं काय म्हणून. हाती काही लागलं नाही.

त्या उन्हाळ्यात अडकलेल्यांपैकी एक होता न्यूयॉर्क जायंट्सचा सेक्वॉन बार्कली. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेला. पाच वर्षं पहिल्या करारात, सहावं वर्ष टॅगमध्ये. त्या टॅगची रक्कम होती १ कोटी ९१ हजार डॉलर. मधे २०२० मध्ये गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. मार्च २०२४ मध्ये तो पहिल्यांदा खरा मोकळा झाला, तेव्हा वय २७.

जायंट्सचं डोकं कसं चाललं होतं हे आपल्याला माहीत आहे, कारण 'हार्ड नॉक्स' मालिकेचे कॅमेरे ऑफिसात होते. व्यवस्थापक जो शोन यांचं म्हणणं थोडक्यात असं: क्वार्टरबॅकला वर्षाला ४ कोटी देतोय, ते त्याने १ कोटी २० लाखांच्या रनिंग बॅकच्या हातात बॉल द्यावा म्हणून नाही. मालक जॉन मारा एवढंच म्हणाले, की सेक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणार नाही.

तो फिलाडेल्फियालाच गेला. ३ वर्षं, ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर, हमीचे २ कोटी ६० लाख. दोन शहरांतलं अंतर साधारण मुंबई-पुण्याइतकं, त्यामुळे राग किती असेल बघा. जायंट्सचाच जुना रनिंग बॅक टिकी बार्बर याने रेडिओवर जाहीर करून टाकलं, की आता तू आमच्यासाठी मेलास. गंमत म्हणजे रनिंग बॅकचं दुःख बार्बरइतकं कुणाला कळायला हवं होतं? पण माणूस माइकसमोर बसला की चाहता होतो.

ईगल्सच्या बाजूलाही शंका होतीच. हाच संघ वर्षानुवर्षं स्वस्तातले रनिंग बॅक वापरत आला होता, आणि मरेचा अनुभव कुणी विसरलं नव्हतं. पण या वेळी शेगडी घरात होती. लेन जॉन्सन आणि जॉर्डन मायलाटासारखे गडी लाइनमध्ये होते.

बार्कली २,००५ यार्ड धावला. एका सीझनमध्ये दोन हजार पार करणारा लीगच्या इतिहासातला नववा. एरिक डिकरसनचा १९८४ चा २,१०५ चा विक्रम १०१ यार्डांवर होता आणि शेवटची मॅच नेमकी जायंट्सविरुद्ध! पण प्लेऑफसाठी ईगल्सने त्याला बसवून ठेवलं. जायंट्सनी आपल्या ४ कोटींच्या क्वार्टरबॅकला, डॅनियल जोन्सला, त्याआधीच नोव्हेंबरमध्ये सोडून दिलं होतं. ९ फेब्रुवारी २०२५, बार्कलीचा अठ्ठाविसावा वाढदिवस, ईगल्सनी सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीला ४०-२२ ने हरवलं. त्या फायनलमध्ये बार्कलीला २५ प्रयत्नांत फक्त ५७ यार्ड मिळाले. समोरच्यांनी सगळी ताकद त्याला अडवण्यात लावली आणि बाकीच्यांना मैदान मोकळं मिळालं. आता याचा पैशात हिशेब कसा करणार? ५७ यार्डांचे किती?

महिन्याभरात ईगल्सनी त्याला आणखी दोन वर्षांचा वाढीव करार दिला, ४ कोटी १२ लाखांचा. वर्षाला २ कोटींच्या वर जाणारा तो पहिला रनिंग बॅक. २०२५ च्या सीझनमध्ये लाइनमधल्या महत्त्वाच्या गड्यांना दुखापती झाल्या आणि बार्कलीचे यार्डही पुष्कळ खाली आले. त्याच्या करारात अजून वर्षं बाकी आहेत.