उसाचे वजन आणि उसाची साखर : लखनौच्या शेतांतील कर्ब-नत्राचा हिशेब

1952 साली लखनौ येथे भारतीय ऊस संशोधन संस्था स्थापन झाली, तेव्हा गंगेच्या मैदानातील ऊसशेतीपुढे एक जुना पेच होता. नत्रखत दिले की ऊस गर्द हिरवा होई, फुटवे आणि वजन वाढे; मात्र एका मर्यादेनंतर रसातील साखर घटू लागे. जोमदार पिकाचा साखर उतारा कमी का पडावा?

या प्रश्नामागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. सर्वांत अपुरे असलेले पोषकद्रव्य उत्पन्नाची मर्यादा ठरवते, हा विचार एकोणिसाव्या शतकात युस्टुस फोन लीबिग यांनी रूढ केला. 1913 मध्ये जर्मनीतील ओप्पाउ येथे हवेतील नत्रापासून अमोनियाचे कारखानी उत्पादन सुरू झाले आणि नत्राची उणीव भरून काढणे सोपे झाले. पण 1918 मध्ये अमेरिकेतील ओरेगन येथे एझ्रा क्राउस आणि हेन्री क्रेबिल यांनी टोमॅटोवरील प्रयोगांतून वेगळेच दाखवले. नत्र भरपूर आणि कर्बोदके तुटपुंजी असली, तर झाड पाला वाढवते, फळ धरत नाही. नत्र फारच कमी असेल, तर साठलेली कर्बोदकेही वाया जातात. फळधारणा दोहोंच्या समतोलावर अवलंबून असते. फुलण्या-फळण्यामागे दिवसाच्या लांबीसारखी इतर कारणेही असतात, हे पुढे स्पष्ट झाले. तरी समतोलाचा मुद्दा टिकून राहिला.

त्याचे रासायनिक कारण नंतर उमगले. मुळांनी शोषलेल्या नायट्रेटचा अमोनिया होण्यास ऊर्जा लागते आणि तो अमोनिया बसवण्यासाठी कर्बाचा सांगाडा लागतो. हा सांगाडा साखरेच्या विघटनातूनच मिळतो. 1974 मध्ये पीटर ली आणि बेन मिफ्लिन यांनी हरितलवकांतील या जोडणीचा मुख्य मार्ग उलगडला. म्हणजे शोषलेल्या प्रत्येक नत्रासाठी वनस्पती काही साखर खर्च करते.

तरीही नत्र हा साखरेचा शत्रू नव्हे. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात आणि प्रकाशसंश्लेषणाची सारी यंत्रणा प्रथिनांवर उभी असते. या यंत्रणेचे नामवंत अभ्यासक प्रफुल्लचंद्र विष्णू साने हे पुढे लखनौच्याच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे संचालक झाले. हरितलवकांतील दोन प्रकाशप्रणाली पटलांच्या वेगवेगळ्या भागांत कशा विभागलेल्या असतात, हे दाखवणाऱ्या 1970 च्या संशोधनात त्यांचा वाटा होता. नत्राविना ही यंत्रणा उभीच राहत नाही आणि तिच्याविना कर्ब मिळत नाही.

म्हणून नत्र किती, याइतकाच नत्र केव्हा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. उत्तर भारतात ऊस साधारण 10 ते 12 महिने शेतात असतो. उन्हाळ्यात फुटवे, पावसाळ्यात कांड्यांची वाढ आणि थंडी पडू लागली की वाढ मंदावून साखरेचा साठा, असा त्याचा क्रम. त्यामुळे तेथे हेक्टरी सुमारे 150 किलो नत्र पावसाळ्यापूर्वीच देऊन संपवण्याची शिफारस असते. उशिरा दिलेल्या नत्राने पाणकोंब फुटतात, ऊस लोळतो आणि साठ्याची साखर नव्या वाढीत खर्च होते. महाराष्ट्रातील आडसाली उसाला मात्र हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. कारण दीड वर्षाच्या मुदतीत तो कितीतरी अधिक कर्ब मिळवतो.

हाच हिशेब मातीतही चालतो. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अल्प असते. ते मातीत मिसळले की कुजवणारे जीवाणू आसपासचे नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि खोडवा काही काळ पिवळा पडतो. खोडव्याला लागणीच्या उसापेक्षा सुमारे पाव पट अधिक नत्र सुचवले जाते, त्याचे हे एक कारण. मात्र पाचट जाळले, तर त्यातील बहुतेक कर्ब आणि नत्र दोन्ही हवेत जातात.

शेतकऱ्याचा ऊस काट्यावर वजनाने मोजला जातो, तर कारखान्याची मिळकत उताऱ्यावर ठरते. स्वस्त युरियाची जादा गोणी वजनाच्या आशेने पडते आणि पिकाला न लागलेले नत्र भूजलात किंवा हवेत जाते. जोपर्यंत काटा केवळ वजन पाहतो, तोपर्यंत क्राउस आणि क्रेबिल यांचा 1918 चा धडा शेतापर्यंत अर्धाच पोहोचलेला असेल.