ध्वनिविवर्धकातील रोधक व धारित्रे

मायक्रोफोन, रेडिओ ग्राही इत्यादींतील क्षीण विद्युत् संदेश ध्वनिक्षेपक चालविण्याइतका प्रबल करणाऱ्या मंडलास ध्वनिविवर्धक म्हणतात. विवर्धनाचे कार्य इलेक्ट्रॉन नलिका वा ट्रँझिस्टर करीत असले, तरी त्यांना योग्य दाब व प्रवाह मिळवून देण्याचे काम रोधक करतात. तर एकदिश दाब अडवून केवळ संदेश पुढील टप्प्यास देण्याचे काम धारित्रे करतात. या घटकांची निवड काळानुसार बदलत गेली असून यवतमाळ जिल्ह्यासारख्या उष्ण प्रदेशात तिला विशेष महत्त्व आहे.

विदर्भातील श्रोत्यांसाठी नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. त्या काळी वीज न पोहोचलेल्या खेड्यांत नलिकांचे ग्राही विद्युत् घटमालेवर चालवीत. नलिकेचा आदानरोध फार मोठा असल्याने ४७० किलो-ओहम रोधकाबरोबर ०·०१ मायक्रोफॅराडचे कागदी धारित्र पुरेसे होई. रोध व धारकता यांच्या गुणाकारावरून निघणारी नीचतम कंप्रतेची मर्यादा अशा जोडीत दर सेकंदास सु. ३४ आवर्तने येते.

ट्रँझिस्टरचा शोध १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लागला. तापतंतू नसल्यामुळे घटमालेवरील भार कमी झाला. परंतु नेहमीच्या जोडणीत ट्रँझिस्टरचा आदानरोध सु. १ किलो-ओहम इतकाच असल्याने तीच मर्यादा राखण्यास ४·७ मायक्रोफॅराड, म्हणजे ४७० पट धारकता लागू लागली. लहान आकारात एवढी धारकता देणारी विद्युत् विच्छेद्य धारित्रे त्यामुळे सर्रास वापरात आली. ८ ओहमच्या ध्वनिक्षेपकास संदेश धारित्रातून द्यावयाचा असल्यास ४७० ते १,००० मायक्रोफॅराड लागतात.

या धारित्रांतील विच्छेद्य द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. यवतमाळ भागात उन्हाळ्यात हवेचे तापमान ४०° से. च्या वर जाते व बंद पेटीत ते आणखी वाढते. धारकता घटली की, प्रथम खालचे स्वर क्षीण होतात. गाळणीतील धारित्र निकामी होऊ लागल्यास विजेवर चालणाऱ्या विवर्धकात घरघर ऐकू येते. कार्यतापमान १०° से. ने कमी ठेवल्यास धारित्राचे आयुष्य सु. दुप्पट होते, असा स्थूल नियम आहे. म्हणून ८५° से. ऐवजी १०५° से. मर्यादेचे धारित्र घ्यावे, ते उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यापासून दूर बसवावे व १२ व्होल्ट पुरवठ्यास २५ व्होल्ट क्षमतेचे निवडावे. धन व ऋण अग्रांची अदलाबदल होऊ देऊ नये.

रोधकांच्या मूल्यांची प्रमाणित श्रेणी आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाने १९५२ मध्ये प्रसिद्ध केली. १०, १२, १५, १८, २२ अशा क्रमामुळे ठराविक मूल्यांच्या थोड्या साठ्यावर दुरुस्ती शक्य झाली. जुन्या कार्बन-मिश्रणाच्या रोधकांचे मूल्य उष्णता व आर्द्रता यांमुळे सरकते व त्यांत खरखरही अधिक असते. यासाठी आदान टप्प्यात धातुपटलाचे रोधक योग्य ठरतात. रोधकात प्रत्यक्ष खर्च होणाऱ्या शक्तीच्या निदान दुप्पट क्षमतेचा रोधक वापरणे हितावह असते.

एकात्मिक मंडलांमुळे सुट्या घटकांची संख्या घटली. तथापि गाळणी व प्रदान यांसाठी मोठी धारित्रे बहुधा बाहेरून जोडावी लागतात. अशा लहान विवर्धकाचे आयुष्य पुष्कळदा त्यांच्यावरच अवलंबून असते.