निकाल आणि परीक्षक

1857 साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा अध्यापन महाविद्यालयांकडे व परीक्षा विद्यापीठाकडे अशी वाटणी झाली. गुण देणारा विद्यार्थ्यास अनोळखीच असावा, ही समजूत या वाटणीतून दृढ होत गेली.

तिची किंमत 2017 मध्ये दिसून आली. संगणकाच्या पडद्यावर उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धत ऐनवेळी स्वीकारण्यात आली. उत्तरपत्रिका सुमारे 17 लाख. कायद्याप्रमाणे 30, फार तर 45 दिवसांत लागावयाचे निकाल कुलपतींनी घालून दिलेल्या 31 जुलैच्या मुदतीतही पूर्ण झाले नाहीत. कळव्याहून खाडी ओलांडून ठाण्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे प्राध्यापक काहीच सांगू शकत नव्हते, कारण त्याची उत्तरपत्रिका त्यांच्या हाती नव्हतीच. पुढील प्रवेश अडले. 24 ऑक्टोबरला कुलगुरू पदच्युत झाले.

2021 मध्ये नेमके उलट घडले. साथीमुळे दहावीची परीक्षा रद्द झाली व गुणदान शाळांकडे आले : नववीच्या निकालाचे 50, दहावीतील लेखी मूल्यमापनाचे 30, तोंडी व प्रात्यक्षिकादी कामाचे 20. निकाल 99.95 टक्के लागला. शासनाचा मात्र या गुणांवर पुरता भरवसा नसावा. अकरावीसाठी त्याने 21 ऑगस्टला वेगळी प्रवेशपरीक्षा योजिली. ती उच्च न्यायालयाने 10 ऑगस्टला रद्द केली. (मराठीत न्यायालयाचा तोही निकालच.) त्यात शिक्षकांच्या गुणांची ग्वाही नव्हती, अशा परीक्षेला कायद्याचा आधार नाही आणि साथीत ती धोक्याची आहे, हा मुद्दा होता. प्रवेश अखेर शाळांनी दिलेल्या गुणांवरच झाले.