सालगड्याचं नाव

आमच्या घरी एका सालगड्यानं तीस सालं काढली. पाडव्याला साल ठरायचं. धान्य, कपडा, पैसा, सगळं तोंडी. सातबारा आमच्या नावाचा. त्याचं नाव कुठंच नाही.

दिवाळीत नातीनं कॉम्प्युटरवर अमेरिकेतल्या आयोवा राज्याची १९०० सालची खानेसुमारी दाखवली. मक्याचा आणि डुकरांचा मुलूख तो. कागदावर आधी शेतमालक, मग बायको, पोरं आणि खाली घरात राहणारा गडी. नातं : नोकर. धंदा : शेतमजूर. पण पुढं त्याच्या जन्माचा महिना नि साल, आईबापाचा मुलूख, वर्षात किती महिने काम नव्हतं, लिहिता-वाचता येतं का, हे सगळं मांडलेलं.

असा गडी हुडकायचा तर नाव धरून दहा-दहा वर्षांनी पुढं सरकायचं. मालक बदलतो, कधी गावही. १८९० चे बहुतेक कागद वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीपायी गेले. तिथं माग तुटतो. १९१७-१८ च्या लष्करी नोंदणीच्या कार्डावर डोळ्यांचा रंगसुद्धा सापडतो. १९४० च्या पानावर मागल्या वर्षाची मजुरी. ही पानं बहात्तर वर्षांनी सगळ्यांना खुली होतात.

आपल्याकडंही खानेसुमारीवाला दारात येतो, पण माणसागणिक कागद कायद्यानं बंद.

मी वही काढून आमच्या गड्याचं नाव लिहिलं. पुढं जन्मगाव लिहायला गेलो अन् हात थांबला. तीस वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. त्याची लेक शेजारच्या गावात दिली आहे. उद्या जाऊन तिला विचारतो.