विड्यातून विडी: खानदेशातला धूर आणि हाडे

खानदेशात तंबाखूचा धूर ओढण्याची चाल साधारण चारशे वर्षांची आहे. पोर्तुगिजांबरोबर आलेले हे अमेरिकेतले झाड आधी दख्खनेत रुळले. मोगल दूत असद बेगाने 1604 च्या सुमारास विजापूरची तंबाखू अकबराच्या दरबारी नेली. दख्खनेतून आग्र्याकडे जाणारी मोठी वाट तेव्हा बुऱ्हाणपुरावरून, म्हणजे खानदेशातूनच जाई. जहांगीराने 1617 मध्ये तंबाखूला बंदी केली; ती कोणी पाळली नाही. तंबाखू येण्यापूर्वी विडा म्हटला की तो नागवेलीच्या पानाचाच. विडा आणि विडी दोन्ही शब्द ‘वीटिका’ या संस्कृत शब्दातून आले. नाव जुनेच राहिले, आतला जिन्नस तेवढा बदलला.

खेड्यात आधी चिलीम होती. कमरेच्या चंचीत तंबाखू, चकमक, गारगोटी आणि कापूस एवढा सरंजाम असे. ठिणगी कापसावर झेलायची, फुंकून फुलवायची, मग चिलमीला ओली साफी गुंडाळून दम मारायचा आणि चिलीम शेजारच्याच्या हाती द्यायची. या खटाटोपामुळे ओढणे विसाव्याच्या वेळेपुरते राही. विडीला असा सरंजाम लागत नाही. आगपेटी गावोगाव पोचल्यावर औत हाकतानाही धूर निघू लागला.

विडीचा धंदा वाढला तो गुजरातेतल्या कारागिरांच्या हातून आणि रेल्वेच्या आधाराने. मुंबई–जबलपूर लोहमार्ग 1870 मध्ये पुरा झाला. जळगाव आणि भुसावळ याच मार्गावर आहेत. छप्पन्नच्या (संवत 1956) दुष्काळानंतर, विसाव्या शतकाच्या आरंभी, जबलपुराकडे टेंभुर्णीच्या पानाची विडी वळली जाऊ लागली. आधी वापरात असलेल्या आपट्याच्या पानाला टेंभुर्णीने मागे टाकले. सातपुड्यात टेंभुर्णी मुबलक आहे. ऐन उन्हाळ्यात तिचे कोवळे पान तोडून, पुडकी बांधून उन्हात वाळवतात. वळणारी बाई ते पान भिजवते, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीने कापते, चिमूटभर जर्दा पसरते, वळून दोरा बांधते आणि टोक दुमडते. सिगारेटच्या मानाने विडीत तंबाखू बरीच कमी असते. पण टेंभुर्णीचे पान सहज जळत नाही, म्हणून विडी विझू नये यासाठी ओढणारा पुन्हा पुन्हा जोराने झुरके घेतो. अशाने निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी तर नाहीच, उलट जास्त शरीरात जाते.

धुराचा दोष लोकांनी आधी खोकल्यात पाहिला. हाडांकडे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि ते जाणे सोपेही नव्हते. झाडावरून पडलेला, बैलाने उडवलेला माणूस हाडवैद्याकडे जाई. वैद्य हाड बसवून बांबूच्या कामट्या बांधी. महिने लोटूनही सांधा न जुळला, तर दोष बांधणीवर किंवा नशिबावर जाई. खाटेवर पडून राहिलेल्या रोग्याच्या विडीवर तो कधी गेला नाही.

वैद्यकालाही हे उशिराच उमगले. अमेरिकी डॉक्टर हॅरी डॅनियल यांनी 1976 मध्ये सडपातळ, सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांमधील हाडांच्या ठिसूळपणावर लेख लिहिला. ब्रिटनमधील लॉ आणि हॅकशॉ यांनी 1997 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून मांडले की, न ओढणाऱ्या स्त्रीच्या तुलनेत ओढणाऱ्या स्त्रीला खुब्याचे हाड मोडण्याचा धोका साठीत 17 टक्के, सत्तरीत 41 टक्के आणि ऐंशीत 71 टक्के अधिक असतो. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, कार्बन मोनॉक्साइडने रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात. आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन लवकर मोडते आणि पाळीही लवकर जाते. मोडलेल्या जागी नवे हाड धरायला भरपूर रक्त लागते, म्हणूनच ओढणाऱ्याचा अस्थिभंग रेंगाळतो. विडी सोडल्यावर धोका उतरतो, पण त्याला वर्षे लागतात.

खानदेशात विडी ओढतात ते बहुतेक पुरुष. कापूस वेचणाऱ्या, केळीच्या बागेत राबणाऱ्या कित्येक बायकांच्या दातांना असते ती मिसरी, तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड. तिच्यात धूर नसला तरी निकोटिन तेच. हाडांवरचे संशोधन मात्र मुख्यतः धुराचेच झाले आहे. पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढणारे ‘फ्रॅक्स’ हे साधन 2008 पासून जगभर वापरले जाते. त्यात धूम्रपानाचा प्रश्न विचारतात. मिसरीचा रकाना त्यात नाही.